पाटील मागं बसले तेव्हा

विमानात बसलेले पुष्कळ लोक तुम्हाला भेटतील, पण आमच्या पाटलांच्या पुढं बसलेला मी एकटाच. साठ सालच्या आसपासची गोष्ट. यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडं पाहुणा आला, तोही स्वतःचं छोटं विमान चालवत. हिवाळ्याचं निरभ्र आभाळ पाहून त्याला पुसदकडचे डोंगर वरून बघायची हौस आली. शेठनं सोबत आमच्या गावच्या पाटलांना पाठवलं, आणि डोंगरांची नावं सांगायला तहसिलीत नकाशे सांभाळणाऱ्या मला. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. पाटलांच्या छकड्यात मात्र आमची जागा अजून मागंच होती, पाय लोंबकळत.

पाटील सवयीनं पुढं चढू लागले. पाहुणा म्हणाला, "तुम्ही मागं बसा. जड माणूस पुढं बसला की विमानाचं नाक खाली जातं."

"मांगं हा नकाशेवाला बाबू बसन ना. आमच्या गावात तशीच रीत हाये."

"विमान गावाच्या रीतीनं उडत नाही, पाटील."

मी पुढं बसलो. सगळ्या डोंगरांची नावं सांगितली. दोन-तीन चुकली असतील, पण हरकत घेऊ शकणारा एकमेव माणूस मागं डोळे घट्ट मिटून बसला होता.

घरी आलो तर मायनं विचारलं, "पाटील कोठी बसले होते?"

"मांगं."

"अन् तू?"

"पुढं."

डोंगर कसे दिसले, हे तिनं विचारलंच नाही. भरलेली घागर अंगणात उपडी केली आणि पाणी आणायला विहिरीवर गेली. आमच्या वस्तीतल्या साऱ्या बाया त्या वेळी तिथंच असायच्या.