सृष्टीचं रक्त

शिवांजली : न्हाई म्हंजी न्हाई! त्या बयेचं रक्त अंगात घालून मला हुबं ऱ्हायाचं न्हाई.

ज्ञानदा सिस्टर : कुठली बया? रक्त शुद्ध करायची ही चौथी फेरी आहे, शिवांजली. पाच पूर्ण करायच्यात, असं मध्येच सोडू नये.

शिवांजली : सृष्टी. ह्यांच्या मामाची पोरगी. माजं स्थळ आलं नसतं तर तीच ह्यांची बायकू.

ऋषिराज : आगं, रक्तपेढीनं दिलेल्या पिशव्यांच्या बदली रक्त मागितलं. पोस्टिंगवर मला मलेरिया झालेला, माजं घेईनात. इस्लामपुरातनं मिरजंपतूर एसटीनं आली बिचारी.

शिवांजली : बिचारी! तिनं दिलं आन् दुसऱ्या दिशी माजा लुळा पडलेला अंगठा हालला. आता जन्मभर सांगत फिरंल, वहिनीला मीच उभी केली म्हणून.

ज्ञानदा सिस्टर : अहो, तिचा गट ए, तुमचा बी. तिची पिशवी पेढीत जमा झाली. हे मशीन तुमच्याच रक्तातलं पिवळं पाणी काढून टाकतं. नसांना कुरतडणारं जे आहे ते त्यात असतं. पेशी तुमच्या तुम्हाला परत, आणि पाणी दुसऱ्या कुणाचं तरी.

शिवांजली : तिचं न्हाई?

ज्ञानदा सिस्टर : थेंबभर नाही.

शिवांजली : आवं, सईची येणी कोण घालतंय?

ऋषिराज : ...सृष्टीच.

शिवांजली : मला कंगवा धरवंना, आन् ती माज्या लेकीची येणी घालती! लय जळतंय ओ सिस्टर. मानंतल्या नळीपरीस जास्त.

ज्ञानदा सिस्टर : जळू दे. मान तेवढी सरळ ठेवा.

ऋषिराज : आईचा खांदा आखडलाय. तू घरी आलीस की दारात भाकरतुकडा सृष्टीच ओवाळंल म्हणती. तुला नको आसंल तर शेजारच्या काकूस्नी सांगतो.

शिवांजली : नको कशाला? ओवाळू दे की. खुर्चीत बसून न्हाई, तिच्या म्होरं हुबी ऱ्हाऊन ओवाळून घेनार. लावा सिस्टर मशीन.

ऋषिराज : लगीच न्हाई जमलं तर?

शिवांजली : तर तिला म्हणा, येणी जरा सैल घाल. घट्ट घातली की सईचं डोस्कं दुखतं.