देव बंद असतोय व्हय?

...अन् वरून पोटची पोरगी, ही गुंजन, मलाच म्हणून राहिली, "आई, तू लय भोळी!" आता मला सांगा, माझं काय चुकलं?

आमी औंढा नागनाथचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा. पोरीनं बँकॉकला नेलं, मॉल दाखवले, बोटीत बसवलं... अन् मी आपली एकच धरून बसलेली, बाई, त्या सोन्याच्या बुद्धाचं दर्शन घडव! शेवटचा दिवस, संध्याकाळी परतीचं विमान. देवळाच्या भिंतीपाशी मला उभं केलं अन् गेली पाणी आणायला. "आई, इथं ठग फिरतेत, कुनाशी बोलू नको!" न्हाईच बोलले मी. त्यो बोलला!

इस्तरीचा शर्ट, गोड हसणं, अन् चक्क हिंदी! "मम्मीजी, मंदिर आज बंद. चलो, हीरे का दुकान दिखाता!" पण तुमाला सांगते, देवाचं दार लागलं तर काय झालं? नैवेद्याला लागतंय, पुन्हा उघडतंय! अन् दर्शनाआधी कोन खरेदी करतंय? पदर खोचला, बसले भिंतीला टेकून. "उघडंल तवा उघडंल, लेकरा." माझं काय चुकलं?

त्याचं तोंड एवढुसं! "मम्मीजी, शाम तक बंद!" म्हणलं, असू दे, दशमी हाय संगं. त्यालाबी दिली, शेंगदाण्याची चटणी लावून. तेवढ्यात गोरे आले. हा त्यांनाबी 'बंद, बंद' करून राहिला. मी म्हणलं, "या, दर्शनाच्या बारीत बसा! मधी घुसायचं न्हाई!" हाताला धरून बसवलं. आणखी आले, तेबी बसले... कोपऱ्यापर्यंत बारी लागली की हो! ती बघून देवळाचा पहारेकरी पळत आला, हातवारे करून सांगतोय, अहो, कोपऱ्यावर वळा, दार सकाळपासून सताड उघडं हाय!

तेवढ्यात पाणी घेऊन आलेल्या गुंजननं कपाळालाच हात लावला. "ठग हाय हा, पोलिसाला बोलावते!" त्याच्या तोंडात अजून माझी दशमी. जेवत्या माणसाला कोन धरून देतंय? म्हणलं, "लेकरा, आमच्या चपला सांभाळ." गुंजन किंचाळली, "त्याच्याकडं चपला?" आता मला सांगा...

दर्शन झालं, डोळे भरून आले. सगळ्यांसाठी मागितलं, त्या मेल्यासाठी बी.

बाहेर येते तं काय! सगळ्या बारीचे बूट वळीनं मांडून पठ्ठ्या बसलाय, अन् लोक खुशीनं पैसे देऊन राहिले! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... पोरगं धंद्याला लागलं! कौतुकानं चपला घ्यायला वाकले, तर हसून हात पुढं. "मम्मीजी, पैसा?"

दिले की! देवाच्या दारात चपलावाल्यानं आजवर कुनाला फुकट सोडलंय?