खड्ड्याचं पाणी

शंकरप्पा : सही कर, कुंडलिक, इथला वायरमन तू आहेस. चार ओळी तर आहेत. दुपारी वीजखात्याचे इन्स्पेक्टर येतील, त्याआधी कागद फायलीत पाहिजे.

कुंडलिक : वळी चारच हायत मालक, पर शेवटच्या वळीनं एका बाईचा जलम जाळलाय की.

शंकरप्पा : खोटं काय आहे त्यात? वाच मोठ्यानं.

कुंडलिक : वाचतो. "रंगखान्यातील कामगार हरिबा यास पंपाच्या मोटारीचा शॉक लागून मृत्यू आला. शॉकपासून वाचवणारी पेटी बसवलेली होती व ती चालू होती. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी ओतण्याचे काम मयताची बायको मुक्ताबाई हिच्याकडे होते. तिने त्यात हयगय केली." हयगय! मालक, ह्यो शबूद कुनी सुचवला?

शंकरप्पा : वकिलांनी. आणि शब्दावर काय अडलंय? खड्डा कोरडा होता की नाही?

कुंडलिक : ठणठणीत. परवा हरिबाला उचलून न्हेल्यावर मी सोता हात घालून बघितला. वंजळभर धूळ निघाली.

शंकरप्पा : मग? पाणी असतं तर पेटीनं वीज तोडली असती. हे तूच मला शिकवलंस.

कुंडलिक : आनि दुसरं काय शिकवलं हुतं? दोन वर्सामागं ह्याच गादीवर दोन पेट्यांचे छापील कागद ठिवले मी तुमच्या म्होरं. म्हनलो, ही पैली पेटी मातीच्या वलीवर चालती. मोटारीच्या अंगावर वीज आली, की ती खड्ड्यातनं जिमिनीत जाती, आन जाताना पेटीला हिसका देती. माती वाळली की हिसका बसत न्हाय. दुसरीला खड्ड्याचं काय देनंघेनं न्हाय. ती गेलेली वीज आन परत आलेली वीज तोलून बघती. परत आलेली कमी भरली, म्हंजी मधी कुनाच्या तरी अंगातनं गेली. मग ती एक पळ थांबत न्हाय.

शंकरप्पा : अरे बाबा, जरा माझ्याकडेही बघ. मी विचारलं होतं तुला, पहिली चालेल का? तू काय म्हणालास?

कुंडलिक : चालंल म्हनलो.

शंकरप्पा : झालं तर.

कुंडलिक : पावसाळ्यात दोनीबी चालत्यात, मालक. तवा मला काय ठाव, असला दुष्काळ पडंल. पर शिवरात्रीला आलो तवा खड्ड्याला भेगा दिसल्या. मी तुमाला बोललो. तुमी म्हनला, टँकरचं पानी सुताला पुरंना, पाऊस पडू दे, मग बघू.

शंकरप्पा : आणि तू गप्प बसलास.

कुंडलिक : बसलो. मैंदर्गीला तुमच्या मेव्हण्याच्या नव्या घराचं वायरिंग मिळायचं हुतं मला. म्हनून त्वांड शिवून बसलो. थू माज्या जिनगानीवर.

शंकरप्पा : आवाज खाली. ती आली बघ. ये मुक्ताबाई, आत ये.

(मुक्ताबाई दारातच उभी राहते.)

मुक्ताबाई : हितंच बरी हाय, मालक. आंगठा कुटं उठवायचा?

कुंडलिक : वैनी, कागदात काय लिवलंय ते तर इचारा.

मुक्ताबाई : मुनीमजींनी सांगितलंय. मी पानी वतलं न्हाय म्हनून त्ये गेलं. खरंच हाय. महिना झाला, खड्ड्यात थेंब टाकला न्हाय मी.

शंकरप्पा : ऐकलंस? तिच्या तोंडानं ऐक.

कुंडलिक : ऐकतोय. वैनी, खड्ड्यासाठनं मिळायच्या त्या दोन घागरी कुटं जात हुत्या?

मुक्ताबाई : घरला. मागच्या खोलीत सासू हाय, दोन पोरी हायत. मालक समद्या घराला एक घागर द्यायचं. खड्ड्याला दोन. पान्याची अशी वाटनी लागल्यावर पैलं आट दीस वतलं मी गुमान. पोरगी भांडं चाटाया लागली, तवा पोरींचा बाच म्हनला, मानसं तान्हेली असताना देवाला तरी पानी ग्वाड लागंल व्हय? न्हे घरी.

कुंडलिक : कंच्या देवाला?

मुक्ताबाई : त्या खड्ड्यातल्या. तुमीच न्हाय का बसवला, दादा? तांब्याचा पत्रा पुरला, वर मीठ टाकलं, कोळसा टाकला, पानी सोडलं. म्हनला, रोज वतत जावा, चुकू नगा. मला वाटलं मशिनीची काय तरी शांत केली. तुमच्या म्होरंच हळद-कुंकू वाह्यलं की मी. तुमी हासला.

कुंडलिक : हासलो. व्हय. आन नवी पेठेत च्या पिताना चार गड्यांना सांगून पुन्ना हासलो. पर ह्यो खड्डा तुमच्या घरधन्याच्या जिवाची राखन करतोय, ही दोन शबूद तुमाला सांगाया माजी जीभ झडली हुती.

मुक्ताबाई : सांगितलं असतं तर पोरींना तान्हेलं ठिवलं असतं मी. नायतर त्यानला त्या मोटारीला हात लावू दिला नसता.

शंकरप्पा : हे बघा, झालं ते वाईट झालं. मलाही झोप नाही. दहा माणसं राबतात इथं, त्यांचा विचार मला करायलाच हवा. म्हणून काल मुंबईला तार केली. ती दुसरी पेटी मागवलीय. आठ दिवसांत येईल. कुंडलिकनंच बसवायची. पण इन्स्पेक्टरनं रंगखान्याला टाळं ठोकलं, तर पेटी कोणासाठी बसवू?

कुंडलिक : आठ दिसांत.

शंकरप्पा : आठ दिवसांत. सही कर. तुझं लायसन राहील, माझा रंगखाना राहील.

कुंडलिक : आन वैनीच्या कपाळावर काय ऱ्हाईल? नवऱ्याला मारलं म्हनून? न्हाय मालक. ह्या कागदावर माजी सही व्हनार न्हाय. मी माजा कागद लिवतो. पेटी कंची घ्यायची ते तुमी ठरवलं, मी व्हय म्हनलो. खड्डा वाळल्याला तुमाला ठाव हुता, मला ठाव हुता. जिला ठाव न्हवतं ती ही एकटी बाई.

शंकरप्पा : लायसन जाईल तुझं. कुंभारीला दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडशील.

कुंडलिक : फोडीन. आर्धं गाव फोडतंयच की, त्यात मी एक.

शंकरप्पा : याच्या नादी लागू नकोस, मुक्ताबाई. तुझी खोली तुझीच, काम तुझंच. पाण्याच्या दोन घागरी आजपासून घरी ने, उघड ने. इकडे ये, ही शाई घे. हां, अंगठा टेकव त्यात. आता इथं, खालच्या कोपऱ्यात.

मुक्ताबाई : थांबा वाईच. ती नवी पेटी. तिला पानी लागत न्हाय?

कुंडलिक : न्हाय, वैनी. थेंबबी न्हाय.

मुक्ताबाई : आन ती दोन वर्सामागं मिळत हुती?

कुंडलिक : मिळत हुती.

मुक्ताबाई : मालक, दादा खरं बोलत्यात?

शंकरप्पा : मिळत होती. पण मुंबईहून मागवावी लागली असती.

मुक्ताबाई : तार करून?

शंकरप्पा : बाई, शाई वाळतेय.

मुक्ताबाई : व्हय. दादा, तितलं फडकं द्या जरा. आंगठा पुसायचाय.