धावपट्टीखालची विहीर

माझं माहेर ठाकुर्लीचं, पन लग्न होऊन आले ती थेट विमानतळावर, असं सांगितलं की लोक हसतात. कल्याणच्या मागं मलंगगड दिसतो ना, त्याच्या अंगाला आमचं गाव. मोठ्या लढाईत गोऱ्यांनी विमानं उतरवायला आमच्या शेतांवर डांबर ओतलं, लढाई संपली, विमानं गेली, डांबर राहिलं, मंग त्याच्यावर आमी भात वाळवलं, पोरं सायकल शिकली, हळदीचे मांडव पडले.

आता त्या डांबराखाली आमची विहीर. विहिरीत सात आसरा, पान्याच्या देवी, पेरनीच्या आधी त्यांना खन-नारळ द्यायचा हा रिवाज, जमीन गेली म्हनून देवी थोड्याच जातात? पन द्यायचा कुठं? काय सांगू तुम्हाला, सासरे म्हनायचे बांधावरची चिंच नि गडाचा सुळका एका रेषेत धरा, तिथं विहीर, त्यांचा भाऊ म्हनायचा नाय, आनखी पुढं. चिंच तर कधीच तुटलेली! दोघं भांडले, बोलनं तुटलं, ते गेले तरी मी नि माझी चुलत जाऊ वेगवेगळ्या जागी नारळ फोडत राहिलो. मला आपलं सारखं वाटायचं, आसरांना नक्की कोनाचा पोचतो?

यंदा तिथं छोटा एअरपोर्ट करनार म्हनतात, तारेचं कुंपन पडलं, माती तपासायला मशीन आलं. मी रोज भाकऱ्या आटपून तारेला जाऊन उभी. वॉचमन म्हनतो, आजी, सोनं निघनार हाय का? मी म्हटलं, सोन्याचं काय घेऊन बसलायस, मशीन दगडाला लागलं की हाक मार. आनि लागलं! घडीव दगड, विहिरीचा गोल काठच की वो. पन जाऊच्या जागेवर.

आनंद झाला नि रागही आला, एवढी वर्षं माझे नारळ नुसते डांबरावर. तशीच तिच्या दारात गेले, म्हटलं बाय, विहीर तुमच्या जागी निघाली. ती तांदूळ निवडत होती. म्हनाली, बस. मी दरसाल दोन फोडते, एक माझ्या जागी, एक तुझ्या, दोन्ही घरांच्या नावानं. जागा कोनाचीही खरी निघो, आसरा कोपायला नकोत, तुझ्या नि माझ्या दोघींच्या घरावर. मला रडूच आलं.

आता आत सोडत नाय. आमी दोघी तारेबाहेरून एकच फोडतो. विमानं येतील तर येऊ देत बाबा, आसरांना सांगितलंय, डोक्यावरनं जानारी सगळी मान्सं सुखरूप घरी पोचू देत.