फ्लेक्समागचा फळा

शालिनीवहिनी, सरांची मुलं, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कॉलेजांतून आलेले आमचे सगळे खेळाडू,

मला बोलायला सांगितलंय. खरं तर इथे बोलायचा हक्क सगळ्यांत कमी माझा. आपल्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल लीगची मी अध्यक्ष. पण लीगला नाव मिळवून दिलं ते आपल्या क्रीडाशिक्षकांनी, जाधव सरांनी, आणि हे मी त्यांच्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही.

आठवतंय, पूर्वी आपल्या सामन्यांना कोण यायचं? पंच आणि बदली खेळाडू. सरांनी काय केलं? इथे डोंबिवलीत, आपल्या कॉलेजच्या गेटजवळ एक काळा फळा लावला. सामना संपला की खडूने निकाल लिहायचा. हरलेल्या संघाचीसुद्धा सगळी नावं. दिवा गावातली एखादी मुलगी खेळली की तिच्या चाळीतली माणसं ते नाव वाचायला यायची. पुढच्या वेळी तीच माणसं सामना बघायला यायची. शेवटी बसायला जागा पुरेना.

मग मी अध्यक्ष झाले. मला वाटलं, आता काहीतरी भव्य हवं. मी फ्लेक्स लावला. कुठे? बरोबर त्या फळ्यावर. वर पाहुणे, मध्ये मी, खाली एक चेंडू. सरांनी तो वरून खालपर्यंत पाहिला. मग एवढंच म्हणाले, "छान आहे, मॅडम. यात मुलं कुठेत?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, सर, तुमचा जीव त्या खडूतच अडकलाय. ते हसले नाहीत. पुन्हा त्यांनी खडू हातात घेतला नाही, आणि गर्दीही हळूहळू ओसरली. कारण मला कळत होतं. तरी फ्लेक्स काढला नाही. माझा फोटो होता ना त्यावर.

काल मीच सांगितलं, सरांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मोठा करा. आज आत येताना पाहिला. जुना काढून त्याच फळ्यावर बांधलाय. सरांच्या फोटोखाली 'शोकाकुल', आणि पहिलं नाव माझं.

वहिनी, मला माफ करा. सरांची माफी मागायची राहून गेली.

परवा ठाणे आणि कल्याणच्या मुलींचा सामना झाला. निकाल कुठेच लिहिलेला नाही. दोन्ही कॅप्टन, पुढे या गं. आधी तो फ्लेक्स सोडून खाली घेऊ. मग तुम्ही नावं सांगा, मी लिहिते. शेवटचं नाव झालं की आपण सगळे दोन मिनिटं फळ्यासमोर उभे राहू. कोणी काही बोलू नये. मी तर नाहीच.