चाईवरचा बिब्बा

(सिहोरा. अंगणात कुंताबाई तांदूळ निवडत आहे. सून रीता भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईला डोकं दाखवून आत्ताच परतली आहे.)

कुंताबाई : डोक्यावरचा पदर नको काढू वं. बाजूची कलाबाई पाहून राहिली.

रीता : पाहू द्या. दुसऱ्याले लागनारा रोग नाई हा, आई. केसाची चाई आहे म्हने.

कुंताबाई : चाई तं मी बी ओळखली होती. त्याच्यासाठी भंडाऱ्याले कायले जा लागते?

रीता : चट्ट्यात बारीक सुईनं औषध टोचतात, दर महिन्याले. कानामागचा चट्टा चार-सहा महिन्यात भरून येईन म्हने.

कुंताबाई : आन समोरचा?

रीता : तो नाई भरत.

कुंताबाई : काहून?

रीता : तिथं तुम्ही बिब्बा घासला. कातडी जळली, मुळंच नाई राहिली. आता कितीबी सुया टोचल्या तरी केस येत नाई.

कुंताबाई : माह्या हाताले नाव ठेवतं? भैय्यालालच्या बायकोले म्याच लावला होता. आले नं तिचे?

रीता : चाईचे केस कधी कधी आपोआप बी येतात. बिब्ब्यानं नाई येत.

कुंताबाई : लय शिकून आली. परवा चंद्रकांताची हळद आहे, तू मांडवात नको येऊ. पोरावाले म्हनतीन, या घरच्या बायकाईले रोग आहे.

रीता : नणंदेच्या हळदीले मी घरात बसू? तुमच्या पोराच्या टाळूवर एक केस नाई. ते तं मांडवात मिरवतीन.

कुंताबाई : निकेशचं टक्कल त्याच्या बापाचं आहे. गड्याले चालते. तुले ठेवून घेतलं हेच लय झालं. दुसऱ्यानं कधीच माहेरी पोचवली असती.

रीता : त्याईच्या टकलाचं बी इचारलं म्या. रोज लोशन लावलं तं हायेत तेवढे टिकतीन म्हने. आन एक सांगतलं तिनं हात जोडून. बिब्बा आता कोनालेच लावू नका.

कुंताबाई : तिले काय समजते.

रीता : माही प्रतिक्षा कुठं आहे?

कुंताबाई : आत. रडून रडून झोपली.

रीता : काहून रडली?

कुंताबाई : सकाळी येनी घालतानी तिच्या बी डोक्यात रुपयाएवढा चट्टा दिसला.

रीता : आई, काय केलं तुम्ही?

कुंताबाई : पाच वर्साची पोट्टी, पन धरू देत नव्हती. चंद्रकांतानं पाय धरले, तवा कुठं घासता आलं.

रीता : आई...

कुंताबाई : तू नको रडू आता. तुह्यावानी नाई होऊ देत मी तिले.