दोन सोल्वेग आणि एक खून

माझं नाव आत्याचंच ठेवायची काही गरज होती का, सांगा. अख्ख्या हुसाविक गावात दुसरं नाव मिळालं नाही? नाताळच्या संध्याकाळी बाबा झाडाखालचं एकेक पुडकं उचलणार, चिठ्ठी वाचणार, "सोल्वेग", की पहिलं ते माझ्या मांडीवर. समोर आत्या बसलेली, तीही सोल्वेगच, दुसरं तिच्या मांडीवर, पण कुठलं कुणाचं हे विचारतो कोण... सगळ्यांना पुस्तकंच, मग अंथरुणात चॉकलेट आणि वाचन, हे दरवर्षीचं ठरलेलं. मी कागद फाडला, तर मुखपृष्ठावर बर्फातून वर आलेला हात. आणि मी म्हणजे टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकणारी.

बदलून आणू म्हटलं, त्यासाठी पुस्तकामागे दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली असतेच. फक्त पहिलं पान बघावं म्हणून उघडलं आणि तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पांघरुणाबाहेर नाही. दीपगृहात दुसरं प्रेत, पाद्री धडधडीत खोटं बोलतोय, मी पांघरूण नाकापर्यंत ओढलेलं, आणि काय सुख हो... जेवायला हाका मारून आई दमली.

तेवढ्यात आत्याचा फोन. "माझ्याकडे 'मन शांत ठेवा' आलंय गं. मी काय अशांत आहे? माझा खून तुझ्याकडे गेलाय. येतेय मी."

येतेय? मी तर अर्ध्यावर! पाद्री तळघराचा जिना उतरतोय, मागून पावलं वाजतायत... आणि माझ्याच खोलीचं दार करकरलं. बघते तर बर्फाने पांढरीफटक बाई, हातात आमचीच पावाची सुरी. टोस्टरला दचकणारी मी, माझं काय झालं असेल?

"किंचाळू नकोस. कुठवर आलीस?"

"तळघर. आत्या, मी नाही देणार. हवं तर तुझं नाव परत घे."

"नाव राहू दे. सरक."

आणि खुणेला ठेवलेल्या चॉकलेटच्या कागदापाशी सुरी लावून तिने पुस्तकाचे सरळ दोन तुकडे केले. माझा वाचून झालेला तिला, उरलेला मला, पांघरूण एकच. तिचा वाचायचा वेग भयंकर... तासाभरात तळघरापाशी हजर, मग दर पानाला मला कोपरखळी, "पाद्रीच ना?", आणि दर वेळी मी दचकतेय.

शेवट वाचून मी माझा तुकडाही तिच्या हातात दिला, खुनी कोण ते मात्र फोडलं नाही. 'मन शांत ठेवा' बदलून आणायचं काम बाबांकडे. "ह्याच पुस्तकाचा पुढचा भाग आण," आत्या म्हणाली, "आणि चिठ्ठीवर नुसतं सोल्वेग लिही."

सुरी ती त्या पुढच्या भागासाठी माझ्या उशाशीच ठेवून गेलीय. आता पाव आम्ही हाताने तोडतो.